अडतीस शाळा, अडतीस वेबसाइट आणि एक नियमावली

वाचकाचं पत्र: मी जिल्हा शिक्षण कार्यालयात माहिती-तंत्रज्ञानाचं काम पाहते. आमच्याकडे ३८ शाळा आहेत आणि प्रत्येकीची वेबसाइट वेगळी आहे. काही फुकटच्या सेवेवर आहेत, काही कुणा माजी शिक्षकांनी करून दिलेल्या. एका शाळेच्या डोमेनची (वेबसाइटच्या नोंदवलेल्या पत्त्याची) मुदत संपली आणि ते दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. गेल्या आठवड्यात एका पालकांची तक्रार आली. मुलीचा फोटो, पूर्ण नाव आणि इयत्ता त्यांना न विचारता साइटवर टाकली होती. वरिष्ठांनी मला एका महिन्यात सगळ्या शाळांसाठी वेबसाइटच्या मार्गदर्शक सूचना तयार करायला सांगितलं आहे. इकडून तिकडून गोळा करून ४६ पानांचा मसुदा झालाय. एका मुख्याध्यापकांनी तो चाळला आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही काही टाकायचंच नाही, असं सरळ लिहा ना." सूचना किती लांब असाव्यात? सक्ती कशाची करायची आणि कुठे मोकळीक द्यायची?
— जिल्हा कार्यालयातली एक समन्वयक

उत्तर:

ताई, नियमावली थोडी बाजूला ठेवा. आधी त्या मुलीचा फोटो पूर्णपणे उतरलाय का, ते आजच पाहा. पानावरून फोटो काढला म्हणजे फाइल गेली असं होत नाही. ती मीडिया लायब्ररीत (साइटवर चढवलेल्या फाइलींच्या साठ्यात) तशीच राहते आणि ज्याच्याकडे तिचा थेट पत्ता आहे त्याला उघडता येते. लायब्ररीत जाऊन फाइल कायमची डिलीट करा. मग जुना पत्ता ब्राउझरमध्ये टाकून 'सापडत नाही' असा संदेश येतो का ते बघा. नंतर मुलीचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा. तोच फोटो वार्षिक अंकाच्या पीडीएफमध्ये, पहिल्या पानावरच्या सरकत्या चित्रांत किंवा शाळेच्या समाजमाध्यमाच्या पानावर असण्याची बरीच शक्यता आहे. हे सगळं झालं की सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या सेवेतून गुगलला ते निकाल काढण्याची विनंती करा. ही विनंती निकाल साधारण सहा महिनेच लपवते, म्हणून मूळ फाइल त्याआधी खरोखर गेलेली असायला हवी. शेवटी पालकांना लेखी कळवा: काय काढलं, कधी काढलं, आणखी कुठे सापडलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून कोण लक्ष ठेवणार आहे. "प्रवेशाच्या वेळी तुम्ही सही केली होती" हा मुद्दा त्या पत्रात नको.

तुमच्या नियमावलीतला पहिला नियम इथूनच येतो. मुलाचा फोटो किंवा माहिती काढा असं पालक म्हणाले, तर एका कामाच्या दिवसात ती काढायची. चर्चा करायची असेल तर ती नंतर.

आता ४६ पानांबद्दल. त्यांत बहुधा तीन वेगळे कागद एकत्र झालेत. पहिला कागद धोरणाचा. तो एका पानाचा असावा, वरिष्ठ मंडळाने मंजूर करावा आणि वर्षानुवर्षं फारसा बदलू नये. साइट कुणाच्या मालकीची, जबाबदारी कुणाची, मुलांच्या माहितीचं रक्षण आणि सर्वांना वापरता येण्याची हमी, एवढंच त्यात. दुसरा कागद मार्गदर्शक सूचनांचा, पाच-सहा पानांचा. दरवर्षी त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार तुमच्या पदाला हवा. तिसरा कागद कृतीचा: कुठलं बटण दाबायचं, फोटो कसा लहान करायचा, पडद्याच्या चित्रांसह. तो गरज पडेल तेव्हा बदलायचा. ही वाटणी दिसायला सोपी आहे, पण मोडते ती नेमकी इथेच. धोरणात सॉफ्टवेअरमधल्या मेनूचं नाव आलं की सॉफ्टवेअर बदलल्यावर धोरण चुकीचं ठरतं. ते दुरुस्त करायला बैठक लागते, बैठक लांबते, आणि एक वाक्य चुकीचं दिसलं की लोक बाकीची वाक्यंही गांभीर्याने घेत नाहीत.

मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा: हे पाळलं नाही तर कुणाचं काय बिघडेल? उत्तर असेल 'मुलाची माहिती उघडी पडेल', 'अंध पालकाला सूचना कळणार नाही', 'साइट हातची जाईल', तर तिथे 'करायलाच हवं' असं लिहा. उत्तर असेल 'जरा विसंगत दिसेल', तर 'शक्यतो करावं' लिहा किंवा वाक्य काढून टाका. बोधचिन्हाभोवती किती जागा सोडायची, शीर्षकाचा रंग कोणता, असल्या नियमांवर आम्ही तरी सक्ती करणार नाही. मुख्याध्यापकांना तुमचा मसुदा जाचक वाटला, कारण त्यात हे सगळं एकाच आवाजात सांगितलंय. पहिल्याच पानावर लिहा की डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), लॉगिन, अपडेट, बॅकअप, मुलांची गोपनीयता, सुलभता आणि आपत्कालीन सूचना या गोष्टी जिल्हा ठरवेल. बातम्या, उपक्रम, भाषा, पानांची रचना, कशाला महत्त्व द्यायचं, हे शाळा ठरवेल. त्यांचा अर्धा राग तिथेच उतरेल, आणि तो राग रास्तही आहे.

डोमेन आणि चाव्या

गेलेल्या डोमेनकडे फक्त 'साइट गेली' म्हणून बघू नका. ते डोमेन आता ज्याच्याकडे आहे, तो त्या डोमेनच्या जुन्या ईमेल पत्त्यांवर येणारी पत्रंही घेऊ शकतो. शाळेने कुठल्या सेवेत त्या पत्त्याने खातं उघडलं असेल, तर 'पासवर्ड विसरलो' वर टिचकी मारून ते खातंही त्याला उघडता येईल. म्हणून त्या शाळेतल्या लोकांना एकत्र बसवून जुन्या पत्त्याने उघडलेल्या खात्यांची यादी करा आणि एकेका खात्यातला ईमेल बदलून घ्या. बाकीच्या ३७ साइटवरून, नकाशातल्या नोंदीतून, पत्रशीर्षावरून आणि छापलेल्या क्यूआर कोडांतून जुना पत्ता काढा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

पुढे असं होऊ नये यासाठी डोमेनची नोंदणी व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावावर हवी. संपर्काचा ईमेल पदाचा हवा, आणि तो त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की मुदतीची स्मरणपत्रंही पोहोचत नाहीत. नोंदणीच्या खात्यात दोन माणसांना प्रवेश, दोन टप्प्यांची पडताळणी आणि हस्तांतरणाला कुलूप हवं. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. मुदतीच्या ६० दिवस आधीची नोंद कॅलेंडरमध्ये असू द्या. खरं तर शाळांना जिल्ह्याच्या डोमेनखालची उपडोमेनं देणं सगळ्यांत बरं. मग एकच मुदत सांभाळावी लागते. फक्त शाळेने एखादी सेवा बंद करताना क्रम पाळायचा: आधी डीएनएसमधली (कोणता पत्ता कुठल्या सेवेकडे न्यायचा, त्या यादीतली) नोंद पुसायची, मग सेवा बंद करायची. उलटं केलं तर ती नोंद रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहते आणि त्या सेवेवर दुसरं कुणीतरी तीच जागा घेऊन तुमच्या नावाखाली पान चालवू शकतं.

लॉगिनचा नियम एका वाक्याचा ठेवा: एका माणसाला एक खातं, सामायिक पासवर्ड कुठेही नाही. साइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल तर प्रशासकाची भूमिका जिल्ह्यात दोघांनाच द्या आणि शाळेत एकाला संपादक करा. शिक्षकांना 'योगदानकर्ता' भूमिका देण्याचा मोह होतो, कारण त्यांना थेट प्रकाशित करता येत नाही. पण त्या भूमिकेत चित्रही चढवता येत नाही, आणि चित्राशिवाय उपक्रमाची बातमी कोण टाकणार? दोन दिवसांत मुख्याध्यापकांचा पासवर्ड सगळ्यांकडे जातो. शिक्षकांना 'लेखक' भूमिका द्या आणि दुसऱ्या माणसाने तपासण्याची अट फक्त मुलांचे फोटो किंवा नावं असलेल्या मजकुरापुरती ठेवा. परीक्षेचं वेळापत्रक मंजुरीसाठी चार दिवस अडकून राहिलं तर वेबसाइटवर कुणी विसंबणार नाही. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी कपाटाची किल्ली परत घेतो, त्याच यादीत 'वेबसाइटचं खातं बंद केलं' ही ओळ घाला. वेगळी यादी केली तर ती विसरली जाईल.

अपडेट आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी, आधी बॅकअप घेऊन. ज्या प्लगिनला (साइटला जोडलेल्या जादा सुविधेला) वर्षभरात अपडेट आलेलं नाही, त्याला पर्याय शोधा. बॅकअपची एक प्रत त्या सर्व्हरच्या बाहेर हवी, आणि सत्रातून एकदा ती प्रत चाचणीच्या जागी उभी करून पाहा. परत उभा करता येत नाही असा बॅकअप असून नसल्यासारखा.

मुलांचे फोटो

यावर सविस्तर लिहितो, कारण चुका सगळ्यांत जास्त इथे होतात आणि भोगावं लागतं मुलांना.

संमतीपत्र प्रवेश अर्जाच्या शेवटी एका चौकटीत कोंबू नका. साइट, समाजमाध्यमं आणि छापील अंक यांच्यासाठी तीन वेगळ्या सह्या घ्या. बऱ्याच पालकांना छापील अंक चालतो, इंटरनेट नको असतं. संमती दरवर्षी नव्याने घ्या आणि एका फोनवर ती मागे घेता येईल अशी सोय ठेवा. पत्र परत आलंच नाही तर उत्तर 'नाही' असं धरायचं, ही ओळ ठळक लिहा. तुमच्या देशाच्या कायद्याने याहून कडक अट घातली असेल तर अर्थातच ती चालेल.

संमती नसलेल्यांची यादी कार्यालयाच्या फायलीत राहिली तर तिचा उपयोग नाही. फोटो काढणाऱ्याच्या हातात ती कार्यक्रमापूर्वी हवी. त्या मुलांना वेगळ्या रंगाचं बिल्ला-स्टिकर लावू नका. मुलाला सगळ्यांसमोर वेगळं काढल्यासारखं होतं. कार्यक्रमातूनही त्यांना दूर ठेवू नका. दोन फोटो घ्या, एक सगळ्यांचा घरी देण्यासाठी आणि दुसरा साइटसाठी, दुसऱ्या बाजूने किंवा छोट्या गटाचा. चेहरे धूसर करण्यापेक्षा फोटो कापणं किंवा दुसरा निवडणं चांगलं. धूसर चेहऱ्याकडे नजर आधी जाते आणि वर्गातल्या सगळ्यांना तो कुणाचा हे माहीतच असतं.

फोटो असेल तर पूर्ण नाव नाही आणि पूर्ण नाव असेल तर फोटो नाही. चेहरा, नाव आणि शाळा एकत्र मिळाली की अनोळखी माणूस शाळेबाहेर त्या मुलाला नावाने हाक मारू शकतो, आणि नावाने हाक मारणाऱ्यावर मूल विश्वास ठेवतं. हे कारण नियमाशेजारीच छापा. कारण कळलं की शिक्षक नियम स्वतःहून पाळतात. बक्षीस मिळवणाऱ्या मुलाचं नाव छापावंसं वाटणं स्वाभाविक आहे. त्यासाठी पालकांची त्या वेळची वेगळी परवानगी घ्या.

फोटो चढवण्यापूर्वी तो पडद्यावर मोठा करून चारही कोपरे बघायची सवय लावा. मधे हसणारी चार मुलं असतात, म्हणून आपण मधेच बघतो. डाव्या कोपऱ्यात फळ्यावर गैरहजर मुलांची नावं असतात. मागे भिंतीवर आजार आणि ॲलर्जींचा तक्ता असतो. शिक्षकांच्या टेबलावरच्या संगणकाला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असते. बाकावर वही उघडी असते, तिच्यावर नाव, तुकडी आणि कधी घरचा फोन नंबरही असतो.

फोटोच्या फाइलमध्येही माहिती दडलेली असते. फोनने काढलेल्या फोटोत अनेकदा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश साठवलेले असतात. शाळेच्या आवारातल्या फोटोचं एक वेळ ठीक, पण पालकांनी घरी केलेल्या प्रकल्पाचा फोटो पाठवला असेल तर तो थेट घराचा पत्ता सांगतो. वेबसाइट हे आपोआप पुसेल असं गृहीत धरू नका. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या चित्राची लहान प्रत बनवतं, पण तुम्ही चढवलेली मूळ फाइल सर्व्हरवर तशीच राहते. म्हणून चढवण्याआधीच फोटो लहान करा. लांब बाजू १६०० पिक्सेल पुरते, आकार ३०० केबीच्या आत बसवा आणि निर्यात करताना 'मेटाडेटा काढा' हा पर्याय निवडा. मोबाइलवर साइटही लवकर उघडेल.

फाइलचं नावही बघा. पानावर मुलाचं नाव नसतं, पण फाइलच्या नावात नाव-आडनाव-इयत्ता असते आणि ती चित्राच्या पत्त्यात जगाला दिसते. 'विज्ञान-प्रदर्शन-०३' असं नाव पुरतं. सहलीचे फोटो मुलं परत आल्यावर टाका. मुलं या क्षणी कुठे आहेत, हे सहल चालू असताना सगळ्यांना कळण्याचं कारण नाही.

कागदपत्रं, याद्या, निकाल

नाव झाकण्यासाठी पीडीएफवर काळी चौकट ओढली तर खालची अक्षरं तिथेच राहतात. ती निवडून दुसरीकडे चिकटवली की वाचता येतात. खरं खोडायचं असेल तर मूळ फाइलमधून तो मजकूर पुसा आणि पीडीएफ नव्याने करा, किंवा मजकूर खरोखर काढून टाकणारं साधन वापरा. स्प्रेडशीटमधला लपवलेला स्तंभ उजव्या टिचकीने पुन्हा उघडतो, म्हणून मूळ स्प्रेडशीट साइटवर कधीच नको. हवे तेवढेच स्तंभ नव्या फाइलमध्ये घ्या आणि तीच प्रकाशित करा.

निकाल उघड्या पानावर नको. बैठक क्रमांकामागे लपवलेला निकाल सुरक्षित वाटतो, पण क्रमांक ओळीने असतात आणि पुढचा आकडा टाकला की शेजारच्या मुलाचे गुण दिसतात. 'लिंक असलेल्या कुणालाही दिसेल' अशा फोल्डरचंही तेच. लिंक एका गटात पडली की ती कुणाकडे जाईल ते आपल्या हातात नसतं. ऑनलाइन फॉर्म पाठवण्याआधी 'उत्तरांचा सारांश दाखवा' हा पर्याय बंद आहे ना, ते पाहा. तो चालू राहिला तर दुसऱ्या पालकाला आधी भरलेल्यांची उत्तरं दिसतात.

रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) फोल्डरचं नाव टाकलं की ते लपतं, असा समज आहे. ती फाइल कुणालाही वाचता येते, त्यामुळे उलट लपवलेल्या जागांची यादीच आपण हातात देतो. शोधयंत्रांनी पान नोंदवू नये असं वाटत असेल तर त्या पानावर 'नोइंडेक्स' ही सूचना लावा. आणि ते पान रोबोट्स फाइलने अडवू नका, नाहीतर शोधयंत्राला ती सूचना वाचताच येणार नाही. खासगी गोष्ट असेल तर ती लॉगिनच्या मागेच हवी.

कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव, पद आणि पदाचा ईमेल पुरतो. खासगी मोबाइल नंबर नको.

सर्वांना वापरता यावी

वेबच्या सुलभतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखलं जातं. त्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. धोरणात 'आवृत्ती २.२, पातळी एए' (तीन पातळ्यांतली मधली) एवढं लिहा. पण लिपिकाच्या हाती ते प्रमाण देऊ नका. त्याला रोजच्या कामात लागतील त्या मोजक्या गोष्टी तुमच्या शब्दांत सांगा.

सगळ्यांत मोठा दोष म्हणजे सूचना चित्राच्या रूपात टाकणं. रंगीत पोस्टर तयार करून चढवलं जातं. अंध पालकांचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यातलं काहीच वाचत नाही, फार तर फाइलचं नाव बोलतो. कमी दिसणाऱ्याने मोठं केलं तर अक्षरं फुटतात, आणि भाषांतर करू पाहणाऱ्याला मजकूर मिळत नाही. पोस्टर टाका, पण खाली तोच मजकूर टाइप करा. स्कॅन केलेल्या परिपत्रकालाही हेच लागू. ते दिसतं कागदासारखं, पण असतं चित्र. परिपत्रक संगणकावर टाइप झालेलंच असतं, मग छापून, सही घेऊन, स्कॅन कशाला करायचं? त्याच फाइलमधून पीडीएफ करा, किंवा मजकूर थेट पानावर घाला. मराठी मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) हवा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला नीट दिसतो, पण शोधता येत नाही आणि दुसरीकडे चिकटवला की निरर्थक अक्षरं उमटतात. स्क्रीन रीडरही तीच निरर्थक अक्षरं वाचतो. पानाची भाषा 'मराठी' म्हणून नोंदवा, म्हणजे वाचणारा आवाज योग्य उच्चार निवडेल.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. करड्या रंगात लोक हमखास चुकतात. पांढऱ्यावर ७६७६७६ या संकेतांकाचा करडा कसाबसा उत्तीर्ण होतो (४.५४), त्याच्या शेजारचा ७७७७७७ नापास होतो (४.४८). डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून अंदाज नको. जिल्ह्याने तपासलेल्या पाच-सहा रंगजोड्या शाळांना द्या आणि त्यांतून हवी ती निवडू द्या.

चित्राच्या वर्णनात 'कार्यक्रम' असं लिहिण्यापेक्षा 'पाचवीची मुलं कुंड्यांत रोपं लावताना' असं लिहा. लिंकवर 'येथे क्लिक करा' नको, 'प्रवेश अर्ज उतरवून घ्या' हवं. स्क्रीन रीडर वापरणारे बरेच लोक फक्त लिंकांची यादी ऐकत जातात, आणि त्यांना 'येथे क्लिक करा' बारा वेळा ऐकून काहीच कळत नाही. व्हिडिओला उपशीर्षकं हवीत. आपोआप बनलेल्या उपशीर्षकांत माणसांची आणि गावांची नावं चुकतात, ती दुरुस्त करा. तपासणीसाठी स्वयंचलित साधनं वापराच, पण चित्राला वर्णन आहे की नाही एवढंच त्यांना कळतं. ते वर्णन बरोबर आहे का, हे माणसालाच बघावं लागतं. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळीने प्रवेश अर्जापर्यंत पोहोचता येतं का, आणि पान २०० टक्के मोठं केल्यावर काही झाकलं जातंय का, या दोन चाचण्यांना पाच मिनिटं पुरतात.

सुट्टीची तातडीची सूचना आणि शिळी पानं

अचानक शाळा बंद ठेवावी लागते तेव्हा हजारो पालक एकाच वेळी साइट उघडतात आणि नेमकी तेव्हाच ती कोलमडते. म्हणून आपत्कालीन सूचनेचं पान साधं ठेवा, चित्रांविना. प्रत्येक साइटच्या माथ्यावर एक पट्टी ठेवा. जिल्ह्यातून एका जागी लिहिलं की ती सगळीकडे दिसावी. सूचनेत तीन गोष्टी हव्यात: काय झालंय, कधीपासून कधीपर्यंत, पालकांनी काय करायचं. शिवाय तारीख आणि शेवटी बदल केल्याची वेळ. ती प्रकाशित करू शकणारी तीन माणसं ठरवा, कारण एकजण नेहमीच प्रवासात किंवा आजारी असतो. तिघांनाही फोनवरून ते जमायला हवं. परिस्थिती निवळली की पट्टी काढायची जबाबदारीही नावाने द्या. आठवडाभर तशीच राहिलेली पट्टी पुढच्या वेळी कुणी वाचत नाही.

प्रत्येक पानाला एक मालक आणि पुढच्या तपासणीची तारीख हवी. मालक म्हणजे पद, 'परीक्षा विभाग' असं मोघम नाही. सूचनांना संपण्याची तारीख घाला आणि तारखेत वर्ष नेहमी लिहा. '१२ जूनला शाळा सुरू' हे पान शोधात चार वर्षांनीही वर येतं. वेळापत्रक बदललं तर नव्या नावाची फाइल चढवू नका. त्याच पत्त्यावर बदला, म्हणजे पालकांनी जपून ठेवलेली लिंक बरोबर राहते.

बाहेरच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. शाळेच्या साइटवर जाहिराती आणि समाजमाध्यमांचे, साइट बघणाऱ्यांचा माग काढणारे कोडचे तुकडे नकोत. व्हिडिओ घालायचा तर यूट्यूबची 'वाढीव गोपनीयता' असलेली पद्धत वापरा. शिक्षकांच्या स्वतःच्या ब्लॉगवर तुमचं नियंत्रण नाही आणि ते असूही नये. पण मुलांची माहिती आणि फोटो तिथे जाणार नाहीत, एवढी अट हवीच. शोधात सापडलेलं चित्र फुकट नसतं. ते चित्र वापरायची परवानगी आहे का, ते पाहा. मुलाने काढलेलं चित्र किंवा लिहिलेली कविता त्या मुलाची असते, तीही विचारूनच टाका.

महिन्याचं गणित

पहिला आठवडा फक्त यादीला द्या. किती साइट आहेत, डोमेन कुणाच्या नावावर, मुदत कधी, लॉगिन कुणाकुणाकडे, शेवटचा बदल कधी. साइटमधली सगळी पानं गोळा करणारी साधनं मिळतात. स्क्रीमिंग फ्रॉग ५०० पत्त्यांपर्यंत विनामूल्य चालतं आणि लहान शाळेला ते पुरतं. विसरलेल्या जुन्या साइटही निघतील. त्या बंद करून टाका, कारण पूर्वीच्या मुलांची माहिती बहुधा तिथेच असते. दुसऱ्या आठवड्यात धोरणाचं पान आणि 'करायलाच हवं' असे नियम लिहा. ते वीसच्या आत ठेवा. तिसऱ्यात तीन शाळांवर ते वापरून पाहा: एक मोठी, एक लहान आणि ज्या मुख्याध्यापकांनी आक्षेप घेतला त्यांची. चौथ्यात दुरुस्ती करून मंजुरीला द्या. मुलांची माहिती आणि डोमेन यांचे नियम लगेच लागू करा, सुलभतेसाठी शाळांना सत्रभराची मुदत द्या. सगळं एकाच दिवशी मागितलं तर शाळा जुनी पानं सुधारण्याऐवजी साइटच बंद करतील. मुदत देतानाच नव्या पानांना मात्र पहिल्या दिवसापासून नियम लागू करा, म्हणजे जुना ढीग वाढणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या मुख्याध्यापकांच्या शाळेत स्वतः जा. जो लिपिक रोज सूचना टाकतो त्याच्या शेजारी बसा, तुमची सहा पानं त्याच्या हातात द्या आणि त्याला एक फोटो असलेली बातमी आणि एक परिपत्रक प्रकाशित करायला सांगा. मधे बोलू नका, बोट दाखवू नका. तो कुठे थांबतो, कोणतं वाक्य दुसऱ्यांदा वाचतो, कुठे शेजारच्याला विचारतो, ते टिपून घ्या. परत येऊन आधी तीच वाक्यं बदला.